बिरा लवटेचं निवेदन आणि कुंभेरीच्या टाळ्या

बिरा लवटे कुंभेरीचा कबड्डी संघ सोडून हातवड्याला गेला, जाताना जिल्ह्याच्या दैनिकाला म्हणाला, "कुंभेरीत टाळ्या वाजत नाहीत," आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून कुंभेरीत टाळ्या वाजेनाशा झाल्या.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. करार संपून मोकळा झालेला खेळाडू जुन्या संघाबद्दल जे छापून आणतो, ते त्या गावाला लागू होतं, हे त्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पूर्वी एका चढाईपटूनं जाताना सांगितलं होतं की कुंभेरीत सगळे घरच्यासारखे वागतात. त्यानंतर दोन वर्षं माणसं कुणाच्याही घरात शिरून ताट वाढून घेत होती. शेवटी त्या चढाईपटूला शोधून, हातापाया पडून, 'शेजारी बरे आहेत' अशी दुरुस्ती त्याच दैनिकात छापून घ्यावी लागली. तेव्हापासून शहाणे खेळाडू जाताना विहिरीच्या पाण्याची तारीफ करतात आणि मोकळे होतात. कुंभेरीचं पाणी त्यामुळे फार चांगलं आहे. बिरा मात्र शहाणा नव्हता, तो उजवा कोपरारक्षक होता.

दिवाळीनंतर शाळेचं बक्षीस वितरण झालं तेव्हा गावाला पहिला चटका बसला. चारशे मुलं हात आपटत होती आणि मंडपात फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. पाहुण्यांना वाटलं आपलं भाषण पडलं. मारुतीच्या देवळात आरतीला नुसती घंटा उरली. तंबाखू मळून मारलेली थाप मात्र वाजत होती, म्हणून ती टाळी नव्हे असा निष्कर्ष निघाला आणि तंबाखूवाले निर्धास्त झाले.

गुणाक्का खोत मात्र निर्धास्त राहू शकत नव्हती. बाजारपेठेच्या तोंडाशी तिची पिठाची गिरणी. गेली एकतीस वर्षं ती संध्याकाळची गिरणी बंद करून, हातावरच्या पिठासकट मैदानावर जाऊन बसत आली होती. तिची टाळी भरीव. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पंच बसायचे, त्यांना त्या गर्दीतही ती वेगळी ओळखू यायची. तिचे यजमान रायगोंडा खोत हे बावीस वर्षं स्पर्धांचे गुणलेखक होते. पुढे साखरेच्या दुखण्यानं त्यांचे डोळे गेले. तेव्हापासून गुणाक्का त्यांच्या शेजारी बसून सामना वाजवून दाखवायची. कुंभेरीला गुण मिळाला की एक टाळी, समोरच्याला मिळाला की मांडीवर एक थाप. दुसऱ्या संघासाठी टाळी वाजवणं प्रेक्षक मंडळाच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून मांडी.

आता टाळी गेली आणि मांडी राहिली. त्या हंगामात मैदानावर रायगोंडांना फक्त समोरच्याचे गुण ऐकू येऊ लागले. पहिला सामना कुंभेरीनं दणक्यात जिंकला, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि रायगोंडा म्हणाले, "एकोणीस-शून्य. असा मार आपण कधी खाल्ला न्हवता."

गुणाक्कानं सांगितलं, चौतीस-एकोणीस, जिंकलो आपण. रायगोंडा ऐकून घेत हसले. गुणलेखकाच्या जातीचा माणूस तो, बावीस वर्षांत त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून एक गुण लिहिला नव्हता.

"तू बोललीस की त्यात तुझं मत येतंय, गुणा," ते म्हणाले. "टाळीला मत नसतंय."

तिनं शिट्टी आणून बघितली, तर ती पंचाची म्हणून काढून घेतली गेली. डबा वाजवून बघितला. रायगोंडा म्हणाले, बावीस वर्षांत डब्यावर दिलेला गुण मी ऐकलेला नाही. मग गुणाक्कानं पदर खोचला आणि ती मंडळाच्या सभेत जाऊन उभी राहिली.

कुंभेरी प्रेक्षक मंडळाचे चौऱ्याऐंशी सभासद होते आणि चिटणीस होते मगदूम सर, शाळेतून निवृत्त झालेले, घटनेवर जीव असलेले. मंडळाचं सभागृह मैदानाला लागूनच होतं. सभेत आधी बिराच्या खेळावर दीड तास काथ्याकूट झाला. ईश्वरा सुतार म्हणाला, शेवटच्या पाच मिनिटांत बिराच्या हातून घोटे सुटायचे, त्याला टाळ्या कशाला हव्यात. मगदूम सरांनी आकडे वाचून दाखवले. शेवटच्या हंगामात चौऱ्याण्णव वेळा बिरानं घोटा धरला, एकसष्ट वेळा पकड झाली. मग उरलेल्या तेहेतिसांचं काय, असं ईश्वरानं विचारलं. उरलेल्या तेहेतिसांत बाकीचे सहा जण काय करत होते, असं गुणाक्कानं विचारलं. त्यावर बरीच माणसं एकदम बोलली. पण आपण बिरासाठी टाळ्या वाजवत होतो की नाही, यावर दुमत नव्हतं. वाजवत होतो, प्रत्येक पकडीला वाजवत होतो, असं सगळे शपथेवर सांगत होते.

तेव्हा 'बिरा लवटे यांचे निवेदन वस्तुस्थितीस धरून नाही' असा ठराव मांडण्यात आला. मंडळाच्या घटनेप्रमाणे कुठलाही ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर व्हावा लागतो. चौऱ्याऐंशी माणसांनी जीव तोडून टाळ्या वाजवल्या. गुणाक्काच्या हातावरचं पीठ पुढच्या रांगेवर उडालं. मगदूम सरांनी पेन उघडून पूर्ण एक मिनिट वाट पाहिली आणि इतिवृत्तात लिहिलं, 'गजर झाला नाही. ठराव मंजूर होऊ शकला नाही.'

हात वर करून मंजूर करा, असं गुणाक्का म्हणाली. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, असं मगदूम सर म्हणाले. मग करा घटनादुरुस्ती. तीही टाळ्यांच्या गजरातच करावी लागेल, असं त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं आणि सगळ्यांना चहा द्यायला सांगितलं.

गुणाक्कानं बिराला दोन पत्रं पाठवली. दुसऱ्याला उत्तर आलं, एक कार्ड. 'बोललो ते खरं आहे. घरी सर्वांना नमस्कार.'

हंगाम पुढे सरकत राहिला. कुंभेरीच्या मैदानावर सात सामने व्हायचे होते, त्यातले सहा झाले. रायगोंडांच्या हिशेबी सहाही शून्यावर हरलेले. ते मैदानावर यायचे, टोपी सरळ करून बसायचे, आणि दर थापेसरशी थोडे खाली वाकायचे. घरी बोलणं कमी झालं. जेवताना एकदा म्हणाले, आपल्या पोरांचा दम गेला, पूर्वी असं नव्हतं. गुणाक्कानं पुन्हा सगळे आकडे सांगितले, त्यांतले चार सामने जिंकल्याचंही सांगितलं. तू बायको आहेस, असं म्हणून त्यांनी भाकरी बाजूला सारली. ती त्या दिवशी चुलीपुढे बसून रडली, आणि रडून झाल्यावर गिरणीच्या जात्याला छिन्नीनं टाके घालायला गेली.

सातवा सामना हातवड्याशी होता. बिरा लवटे हातवड्याच्या निळ्या बनियनमध्ये आला आणि कुणाकडे न बघता कोपऱ्यात उभा राहिला. सामना अटीतटीचा झाला. उत्तरार्धात रायगोंडांच्या टोपीभोवती एक डास घिरट्या घालत होता, तो गुणाक्कानं दोन तळव्यांत धरला. डास मेला, आवाज झाला नाही. त्याच मिनिटाला बिरानं कुंभेरीच्या चढाईपटूचा घोटा धरला आणि तिला मांडीवर थाप मारावी लागली. कुंभेरी सत्तावीस-अठ्ठावीस अशी एका गुणानं हरली, आणि गुणाक्कानं तसं सांगितलं.

रायगोंडा उठून उभे राहिले. "अठ्ठावीस-शून्य," ते म्हणाले. "आता मी येणार न्हाई, गुणा. घरीच बसतो. तूही नको येऊस, उगं मांडी सुजवून घेतीस."

घरी गेल्यावर त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. ती तिथून आठ दिवस खाली आली नाही. नवव्या दिवशी गुणाक्कानं गिरणीला कुलूप लावलं, दाराला 'दळण उद्या' अशी पाटी अडकवली आणि हातवड्याची एसटी धरली. माहेरचं बोलावणं आल्यावर गाडी चुकवायची नाही म्हणून बाई जशी निघते, तशी निघाली.

हातवड्याला त्या दिवशी बोरगीशी सामना होता. तिथे टाळ्या वाजत होत्या. सहा महिन्यांनी तो आवाज कानावर पडल्यावर गुणाक्काला बरं वाटलं आणि लगेच रागही आला. ती हातवड्याच्या माणसांत, अगदी कोपऱ्यापाशी, जमिनीवर बसली. एकतीस वर्षं तिनं कबड्डी पाहिली होती, पण ती पायरीवरून. इतक्या जवळून कोपरारक्षक तिनं कधी पाहिला नव्हता.

बोरगीचा चढाईपटू आत आला. बिरानं खाली सूर मारून त्याचा घोटा धरला. लगेच बाकीचे पाच-सहा जण चढाईपटूवर पडले आणि बिरा तळाशी गेला. पंचाची शिट्टी झाली, टाळ्या कडाडल्या. ढिगातून सगळ्यात वरचा गडी उठला, त्यानं हात उंचावले, टाळ्या आणखी वाढल्या. मग दुसरा उठला, तिसरा उठला. टाळ्या ओसरल्या, लोक शेंगा फोडायला लागले. सगळ्यात शेवटी बिरा उठला. तोवर त्याच्या एका कानावर कुणाचा तरी गुडघा होता आणि दुसरा कान मातीत होता. त्यानं करंगळीनं कानातली माती काढली आणि मुकाट्यानं आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

गुणाक्का बघतच राहिली. आठ हंगाम हा पोरगा कुंभेरीत असाच उठत होता आणि तो उठेपर्यंत आपण सगळे खाली बसलेलो असायचो, हे तिच्या एकदम ध्यानात आलं. तिला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला ती आली नव्हती.

बिरानं पुढची पकड केली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गुणाक्का हात मांडीवर ठेवून बसली. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, का हो, आवडली नाही का. वरचे उठले, मधले उठले, टाळ्या थांबल्या. बिरा उठला, कानात करंगळी घातली, माती काढली. मग गुणाक्का उभी राहिली आणि तिनं एक टाळी वाजवली. भरीव, गिरणीतल्या हाताची. सगळ्या मैदानावर तेवढा एकच आवाज झाला. बिरानं वळून बघितलं.

सामना संपल्यावर तो टॉवेल खांद्यावर टाकून तिच्याजवळ आला आणि वाकून पाया पडला. तो काही बोलायच्या आधीच तिनं प्रवासाला आणलेली दशमी त्याच्या हातावर ठेवली.

"मी खोटं बोललो न्हाई, अक्का," बिरा म्हणाला. "आठ वर्षांत एक टाळी ऐकली न्हाई मी तिथं."

"खोटं म्हणायला मी आलेच न्हाई. आजची ऐकलीस?"

"ऐकली. पण ही हातवड्यातली."

"हातवड्यातली न्हवं. कुंभेरीतली राहिलेली हाय. द्यायला उशीर झाला."

बिरा दशमी खाता खाता विचारात पडला. तो डोक्यानं सावकाश पण सरळ होता. गुणाक्कानं त्याला रायगोंडांचं सांगितलं, मांडीचं सांगितलं, खुंटीवरच्या टोपीचं सांगितलं. कुंभेरीत टाळ्या वाजतात, एवढं एक वाक्य दैनिकाला दे, असं ती म्हणाली. बिरानं मान हलवली. जे ऐकलं नाही ते छापायला देणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. गुणाक्कानं एक गाडी सोडली, दुसरी सोडली. शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"उशिरा वाजतात, असं देतो," तो म्हणाला. "तेवढं खरं हाय. त्याच्यावर एक अक्षर न्हाई."

"किती उशिरा, ते लिव्हशील?"

"ते मला काय ठावं? मला आठ वर्षं लागली."

गुणाक्कानं हे मान्य केलं. गुरुवारच्या अंकात, पाचव्या पानावर, बाजारभावांच्या खाली, चौकटीत दुरुस्ती आली. 'कुंभेरीत टाळ्या उशिरा वाजतात. बिरा लवटे.'

रविवारी मंडळाची तातडीची सभा झाली. गुणाक्काला वाटलं आपले आभार मानतील. ईश्वरा सुताराचा मेहुणा हातवड्याचा निघाला, त्यानं सगळं पाहिलं होतं. सभासदानं दुसऱ्या संघाच्या खेळाडूसाठी टाळी वाजवली तर सभासदत्व संपतं आणि त्याला मैदानाच्या दोरीच्या आत बसता येत नाही, हे कलम मगदूम सरांनी वाचून दाखवलं. वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला, पण कलम पूर्ण वाचलं. ती टाळी कुंभेरीचीच होती, फक्त बाकी राहिली होती, असं गुणाक्कानं सांगितलं. तसं असेल तर ती देण्याआधी मंडळाची परवानगी घ्यायला हवी होती, असं सर म्हणाले. ठराव मांडला गेला. त्र्याऐंशी माणसांनी, बरीचशी खाली बघत, टाळ्या वाजवल्या. आवाज झाला नाही. सरांनी लिहिलं, 'गजर येणे बाकी.' तो येईपर्यंत गुणाक्का सभासद होती. रायगोंडांना तिनं यातलं काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता बंद असलेल्या शाळेच्या मंडपाच्या जागेवरून चारशे मुलांच्या टाळ्या ऐकू आल्या. कडकडाट पाच मिनिटं चालला. दिवाळीनंतर वाजवलेल्या टाळ्या, जिथे वाजवल्या तिथेच, त्या त्या जागेच्या क्रमानं, वाजायला लागल्या होत्या. मारुतीच्या देवळात सबंध पौष महिन्याच्या आरत्या झाल्या. मंगळवारी मंडळाच्या सभागृहात गजर झाला आणि बिरा लवटेचं जुनं निवेदन वस्तुस्थितीस धरून नसल्याचा ठराव रीतसर मंजूर झाला. ते निवेदन आता राहिलं नव्हतं, तरी मगदूम सरांनी ठरावाला क्रमांक दिला.

त्याच संध्याकाळी गुणाक्कानं खुंटीवरची टोपी काढून रायगोंडांच्या डोक्यावर ठेवली. कशाला, असं ते म्हणाले. चला तरी, असं ती म्हणाली. रिकाम्या मैदानाच्या पायरीवर दोघं जाऊन बसले. समोर माती, चुन्याच्या पुसट रेघा आणि एक शेळी होती. थोड्या वेळानं गुणाक्काच्या बसायच्या जागेवरून एक भरीव टाळी वाजली. रायगोंडांनी मान वर केली. दुसरी वाजली, तिसरी वाजली. गुणाक्का हात मांडीवर ठेवून बसली होती.

समोरच्यांचे गुण त्यांच्या डोक्यात होतेच, हंगामभर साठवलेले. आता त्यांनी आपले मोजायला सुरुवात केली. पहिल्या सामन्याला चौतीस झाले. त्यांनी तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच टोपी मागून तयार झाले. रोज दोन सामने व्हायचे. ते तिला मध्ये बोलू देत नव्हते, एकदा ती उगाच खोकली तर ओठांवर बोट ठेवलं. सहा सामन्यांत चार विजय, दोन पराभव, तिनं सांगितले होते तसेच, गुणांसकट.

शुक्रवारी सातवा, हातवड्याचा. रायगोंडा पुढे झुकून ऐकत होते. पंचवीस झाले. मग एक टाळी वाजली, त्यांच्या कानाच्या अगदी जवळ, इतरांपेक्षा जरा घाईची. सव्वीस, ते पुटपुटले. गुणाक्काला डास आठवला. सत्तावीस झाले. अठ्ठावीस झाले. मग मैदान शांत झालं.

"अठ्ठावीस-अठ्ठावीस," रायगोंडा म्हणाले. त्यांचा चेहरा गुणलेखक होते तेव्हाचा झाला होता. "बरोबरी हाय. बाकीचं सगळं तू बरोबर सांगितलंस, गुणा. ही एवढी एक मॅच चुकलीस, हरलो म्हणालीस."

"चुकले असंन," गुणाक्का म्हणाली.

एवढ्यात मंडळाच्या सभागृहाकडून टाळ्या ऐकू यायला लागल्या. आधी चुकार चार-दोन, मग एकदम त्र्याऐंशी माणसांच्या. रायगोंडांनी टोपी सावरून तिकडे कान दिला. गुणाक्का उठली, त्यांचा हात धरून त्यांना पायरीवरून उतरवलं आणि दोरीच्या बाहेर, लिंबाखाली आणून बसवलं.

"एवढ्या टाळ्या कुणासाठी गं?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी," गुणाक्का म्हणाली.

रायगोंडांना ते पटलं. त्यांनीही दोन्ही हात वर करून एक टाळी वाजवली. तिचा आवाज यायला अजून अवकाश होता, म्हणून दोघं तिथेच बसून राहिले.